फ्लॅगस्टाफला फ्लॅट नको

चि. ओंकारला,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फोनवर बाबांना सांगितलेला हिशोब त्यांनी मला कागदावर मांडून दाखवला. फ्लॅगस्टाफला दोन बेडरूमचा फ्लॅट घ्यायचा, उन्हाळाभर आम्ही राहायचं, हिवाळ्यात स्कीइंगला येणाऱ्यांना रोजाच्या भाड्याने द्यायचा, हप्ता परस्पर सुटतो. आकडेमोडीत चूक नाही. तरी मला तो फ्लॅट नको आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहून पाठवते.

उन्हाळ्यापुरतं फिनिक्सहून इथे वर, डोंगरातल्या फ्लॅगस्टाफला यायला माझी ना नाही, हे आधी सांगते. नागपूरच्या मुलीला उन्हाची भीती घालू नका, असं मी बाबांना वर्षानुवर्षं ऐकवत आले. पण नागपूरचा उन्हाळा कितीही भाजला तरी मृगाची पहिली सर आली की त्याचा माज उतरतो. फिनिक्समध्ये जूननंतर जुलै येतो. मध्यरात्री अंगणाच्या भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. 2023 मध्ये 30 जूनपासून सलग 31 दिवस पारा रोज 43 अंशांच्या वर गेला होता आणि त्या वर्षी आपल्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने 645 माणसं दगावली. बरीचशी उघड्यावरची, पण काही स्वतःच्या घरात, एसी बंद पडलेला. त्या उन्हाळ्यानंतर बाबाच म्हणाले, आता वर जाऊ.

वर येणंही गमतीचं असतं. चढ सुरू झाला की हायवेवर पाटी येते, एसी बंद करा, इंजिन तापेल. 40 च्या उन्हात एसी बंद! बाबा पाटी पाळतात, मी पदराने वारा घेते. मग सग्वारो निवडुंग मागे पडतात, झुडपं येतात, आणि एका वळणानंतर दोन्ही बाजूंना उंच पाइन. दोन-अडीच तासांत आपण पावणेदोन हजार मीटर चढून आलेलो असतो. खिडकी खाली केली की ऊन तेच, पण झोंबत नाही. पाइनच्या खोडाला नाक लावलं तर चक्क व्हॅनिलाचा वास येतो. तुला खोटं वाटेल, आलास की हुंगून बघ.

2,100 मीटर म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या जवळजवळ दुप्पट उंची. सुरुवातीला मला जिना चढताना धाप लागायची, आता लागत नाही. स्वयंपाकाचं तंत्र मात्र बदलावं लागलं. पाणी इथे 93 अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ जन्मात शिजणार नाही. कुकरलाही एक-दोन शिट्ट्या जास्त द्याव्या लागतात. चहा उकळ्या फुटून वर येतो पण त्याला रंग चढत नाही. मी आता पूड जास्त घालते आणि बाबा कडू झाला म्हणतात. विरजण रात्री लागतच नाही, कारण जुलैतही रात्री दहा-बारा अंश. ओव्हनमधला दिवा लावून त्यात दह्याचं भांडं ठेवते. इडलीचा नाद सोडला.

दुपारचा पाऊस हे इथलं खरं वैभव. अ‍ॅरिझोनातही मान्सून असतो, हे नागपूरला सांगितलं तर माझ्या बहिणी हसतात. सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं. अकराच्या सुमाराला शिखरांवर एक पांढरा पुंजका, बाराला त्याचा डोंगर, दोनला कडकडाट. तासभर असा कोसळतो की पन्हाळीचं पाणी अंगणात उसळतं, आणि चारला पुन्हा ऊन. मी खिडकीत भजी घेऊन बसते. बाबांचा कार्यक्रम रात्रीचा. लॉवेल वेधशाळा टेकडीवर आहे, 1930 मध्ये क्लाइड टॉमबॉने प्लूटो शोधला तीच. या गावाने 1958 पासूनच उजेडाला वेसण घातली आहे, आणि 2001 मध्ये अंधारं आकाश जपणारं जगातलं पहिलं शहर म्हणून त्याला मान मिळाला. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढल्याचा राग बाबांना अजून आहे. इथे त्यांना त्या रागाचे सोबती भेटले.

आता फ्लॅटचं. आम्ही राहतो त्या घराच्या पुढच्या भागात मालकीणबाई स्वतः राहतात, आम्हाला मागच्या दोन खोल्या. त्यांच्याकडे कुंपण दुरुस्त करायला एक मुलगा येतो, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. हिवाळ्यात तो स्कीच्या डोंगरावर चेअरलिफ्ट चालवतो, उन्हाळ्यात मिळेल ते. तिघा मित्रांबरोबर भाड्याने राहत होता. ते घर विकलं गेलं आणि नव्या मालकाने पाहुण्यांसाठी रोजाच्या भाड्याने लावलं. आता तो व्हॅनमध्ये झोपतो. सरकारी जंगलात एका जागी चौदा दिवसांच्या वर मुक्काम करता येत नाही, म्हणून जागा बदलत राहतो. वणव्याचा धोका वाढला की जंगलच बंद करतात, मग दुकानांच्या पार्किंगमध्ये. एकदा मी त्याला पोळी-भाजी दिली. पाचव्या पोळीला तो लाजला. ‘पॉव्हर्टी विथ अ व्ह्यू’ अशी या गावची जुनी म्हण आहे, ती मला त्यानेच हसत हसत सांगितली. गावाने असली भाड्याची घरं बंद करायची म्हटलं तरी जमत नाही, 2016 च्या राज्याच्या कायद्याने शहरांचे हात बांधले आहेत. तुझ्या हिशोबात ‘हिवाळी भाडेकरू’ असा रकाना आहे ना, त्याच्या शेजारी हा मुलगा बसव.

शिवाय ज्या बर्फाच्या भरवशावर तू तो रकाना भरलास, तो बर्फ दर वर्षी पुरेसा पडतच नाही. म्हणून स्नोबोल, म्हणजे इथलं स्कीचं केंद्र, 2012 पासून शहराच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यापासून बर्फ बनवून उतारांवर पसरतं. हे डोंगर होपी, नव्हाहो आणि आणखी कितीतरी मूळनिवासी जमातींना पवित्र आहेत. होपी लोकांच्या श्रद्धेप्रमाणे पाऊस आणणारे कात्सिना नावाचे आत्मे वर्षाचा अर्धा काळ या शिखरांवर राहतात. जुलैत गावागावांतून निरोप घेऊन इथे परततात. या बर्फाविरुद्ध जमाती कोर्टात गेल्या आणि 2008 मध्ये अपिलात हरल्या. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर कुणी असलं पाणी शिंपडलं असतं तर आजीने काय केलं असतं, सांग. त्या बर्फाच्या कमाईवर आपला हप्ता फेडायचा, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. तू म्हणशील, आई भावुक होते. होऊ दे.

भावनेबाहेरचं कारण हवं असेल तर ते गावात फिरताना दिसतं. कित्येक घरांच्या दारापुढे वाळूच्या पोत्यांची रांग रचलेली असते. गावात नदी म्हणाल तर रिओ दे फ्लॅग, बहुतेक वेळ कोरडी. मग पोती कशाला? वणव्यासाठी. म्हणजे वणव्यानंतरच्या पुरासाठी. जळलेली जमीन पाणी पीत नाही. वरच्या उतारावर तासभर पाऊस झाला की राख, दगड, ओंडके घेऊन लोंढा खालच्या वस्तीत शिरतो. 2010 मध्ये कुणीतरी न विझवता सोडलेल्या शेकोटीतून शुल्ट्झ नावाचा वणवा पेटला, आणि पुढच्याच महिन्यातल्या पुरात बारा वर्षांची एक मुलगी वाहून गेली. 2019 ला पुन्हा वणवा, 2022 ला पुन्हा. खिडकीत बसून मी ज्या पावसाचं कौतुक करते, त्याच पावसात दोन गल्ल्या पलीकडे लोक फावडी घेऊन उभे असतात. विम्याचा हप्ता विचारलास का?

आजोबा सांगायचे, इंग्रजांच्या वेळी उन्हाळा लागला की मध्य प्रांताचं सरकार नागपुरातून उठून पचमढीला जायचं. फायली, खानसामे सगळं वर. मागे राहायचे ते छोटे कारकून आणि पंखा ओढणारे. खाली फिनिक्सजवळ आपल्या चॅन्डलरच्या गल्लीत छपरं घालणारी माणसं अजून पहाटे चारला कामाला लागतात आणि अकराला सावली शोधतात. मी आज वर येणाऱ्यांत आहे, याचा मला आनंद आहे, उगाच साधूपणाचा आव आणत नाही. पण मला इथे पाहुणी म्हणून राहू दे. खोल्यांचं भाडं मालकीणबाईंच्या औषधांना होतं, आमची सोय होते आणि सप्टेंबरअखेर खोल्या पुन्हा त्यांच्या. बाबांना हे पटलंय, फक्त तुझ्याशी वाद नको म्हणून ते हूं-हूं करत होते.

तेव्हा ऑगस्टमध्ये ये. थर्मल नको, पण जाकीट आण आणि टोपी विसरू नकोस, या उंचीवर ऊन फसवतं, तासाभरात नाक सोलतं. मेतकुटाची पुडी आण, माझी संपली. हम्फ्रीज शिखरावर जायचं म्हणतोस तर पहाटे पाचला निघ आणि बाराच्या आत झाडांच्या रेषेखाली परत. वर आडोसा नाही आणि विजा खऱ्या पडतात. आणि परतीचं विमान रविवारचं घेऊ नकोस. रविवारी दुपारी अख्खं फिनिक्स एकदम खाली उतरत असतं, रस्ता तुंबतो. सोमवारचं घे.

तुझी,
आई