सुध्या, अण्णांची टेस्ट ठरलीय

मुंबई, रविवार

प्रिय सुध्या,

स. न. वि. वि. (हसू नकोस, अण्णा शेजारीच बसलेत आणि मायना तपासतात.)

मी बरा, पाठ अधूनमधून कुरकुरते. अण्णांना स्ट्रेस थॅलियम सांगितलीय, हृदयाचा रक्तपुरवठा बघायची टेस्ट. नाव थॅलियम, पण किरणोत्सर्गी पदार्थ म्हणून टोचतो टेक्नेशियम, ते तुला काय सांगायचं! गुडघ्यांमुळे ट्रेडमिल बाद, म्हणजे औषधानंच रक्तवाहिन्या रुंदावणं आलं. रोज लोकांच्या वडिलांना टेबलावर झोपवतो, पण यादीत आपलंच आडनाव दिसलं आणि हात गार पडले. त्यात त्यांचा दमा.

त्यासाठी आमच्याकडे ॲडेनोसिन. किलोमागे मिनिटाला 140 मायक्रोग्रॅम. थांबवलं की काही सेकंदांत ओसरतं, हे त्याचं मोठेपण. पण ते पेशींवरचे आपले सगळेच रिसेप्टर, म्हणजे औषध जिथे चिकटतं त्या जागा, चाळवतं; हृदयातल्या विद्युत संदेशांत ब्लॉक येऊ शकतो, श्वासनळ्या आवळू शकतात. डायपिरिडॅमोल शरीरातलंच ॲडेनोसिन साठवून धरतं, म्हणून त्याचा त्रास रेंगाळतो, दमेकऱ्याला नकोच. तिसरं रेगाडेनोसॉन, अमेरिकेत 2008 साली मान्यता मिळालेलं, मुख्यतः रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या ए-टू-ए रिसेप्टरला धरतं. वजन काहीही असो, 0.4 मिलिग्रॅम, दहा सेकंदांत. सुटसुटीत खरं, पण दम्याचा इशारा त्यावरही आहेच.

खरी पंचाईत डेरिफायलिनची, अण्णांच्या दम्याच्या औषधाची. ते थिओफायलिनच्या घराण्यातलं, तेच रिसेप्टर अडवून बसतं. चालू ठेवलं तर टेस्ट खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते, बंद केलं तर रात्री अण्णा उशीला टेकून बसणार. आणि टेस्टमध्ये त्रास झाला तर उतारा काय? त्याच घराण्यातलं अमिनोफायलिन! व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) आदल्या रात्री तू ‘दम्याचं औषध’ म्हणून ओरडत होतास, मी ‘उतारा’ म्हणून. दोघंही बरोबर होतो. माझी वही मात्र तूच हरवलीस.

डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी सकाळी छाती ऐकू, घरघर असेल तर डोब्युटामिन, म्हणजे रक्तवाहिन्यांऐवजी हृदयालाच पळवणारं औषध. मला वाटतं, सरळ डोब्युटामिनच घ्यावं, पण मधूनच धडधडही होते त्यांना, म्हणून जीभ रेटत नाही. चहातलं कॅफीनही तेच रिसेप्टर अडवतं, म्हणून चोवीस तास चहा बंद म्हटल्यावर अण्णा म्हणाले, “मग हृदय ठीक असून करायचंय काय?”

तू छातीच्या वॉर्डात इतकी वर्षं काढलीस. डेरिफायलिन थांबवून नुसत्या पंपावर त्यांचं भागेल का? त्यांच्या डॉक्टरांना विचारणारच आहे, पण त्याआधी तुझ्याकडून ऐकायचंय.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली रद्द झाली, हे आईकडून कळलं. छोटीचे फोटो पाठव.

टेस्ट गुरुवारी आहे. बुधवारच्या आत फोन कर, रात्री दहानंतर, तेव्हा अण्णा झोपलेले असतात.

तुझा,
विन्या