गावची संस्था आणि दिल्लीतले खाते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेशी निधी आणि स्वयंसेवी संस्था हा विषय निघाला की वाद ठरावीक वळणाने जातो. एक बाजू म्हणते हा पैसा देशविरोधी कामांना जातो, दुसरी म्हणते सरकार संस्थांची गळचेपी करते. दोन्ही बाजू ज्या संस्थांची नावे घेतात त्यांच्याकडे दिल्लीत वकील असतात. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत चालणारी, वर्षाला चार-पाच लाख खर्चणारी संस्था या वादात कुठेच नसते. फटका मात्र तिलाच जास्त बसला आहे. तो कसा, आणि आहे त्या नियमांत तिने काय सांभाळावे, हे हिशेबाच्या बाजूने मांडत आहोत.

भारतातल्या संस्थांनी परदेशी पैसा कसा घ्यायचा आणि खर्चायचा हे ठरवणारा परकीय योगदान नियमन कायदा, म्हणजे बोलीतला एफसीआरए, मूळ १९७६ चा, आणीबाणीतला. आजचा कायदा २०१० चा. त्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि तेव्हा तीन गोष्टींचा गाजावाजा झाला: प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, पदाधिकाऱ्यांना आधार सक्तीचे झाले, आणि परदेशी पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायचा असे ठरले. चौथा बदल कलम ७ मधला. एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या कोणत्याही संस्थेला देता येणार नाही, मग ती दुसरी संस्था एफसीआरएखाली नोंदलेली असली तरीही.

याचा अर्थ समजायला आधीची रीत पाहावी लागेल. मुंबई-पुण्यातली एखादी एफसीआरएखाली नोंदणीकृत संस्था परदेशी देणगीदाराशी करार करायची, इंग्रजी अहवाल लिहायची, लेखापरीक्षण सांभाळायची, आणि त्या निधीतून नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीकडच्या पाच-सहा छोट्या नोंदणीकृत संस्थांना दोन-दोन, चार-चार लाख द्यायची. नोंदणी नसलेल्यांनाही सरकारची आगाऊ परवानगी घेऊन निधीच्या दहा टक्क्यांपर्यंत देता येत असे. देणगीदाराला वीस ठिकाणचे वीस हिशेब तपासावे लागत नव्हते आणि गावातल्या संस्थेला डॉलर-युरोची भाषा शिकावी लागत नव्हती. ही साखळी एका कलमाने तुटली. आता मोठी संस्था गावात स्वतःचे कर्मचारी नेमते. छोट्या संस्थेतला कामाचा माणूस त्या प्रकल्पाचा पगारदार होतो आणि त्याची मूळ संस्था कागदावर उरते.

काहींनी पळवाट काढली आहे: छोट्या संस्थेकडून बिल घ्यायचे आणि तिला 'पुरवठादार' दाखवायचे. शिबिराचे सभागृह, जेवण, छपाई यांचे बाजारभावाने बिल असेल तर हरकत नाही. पण 'समुदाय संघटन सेवा, रु. ३ लाख' असे एकओळी बिल तपासणीत टिकत नाही. ते हस्तांतरणच धरले जाण्याचा धोका असतो, आणि त्यात देणाऱ्याचीही नोंदणी जाऊ शकते.

न्यायालयाचा दरवाजा ठोठावून झाला आहे. नोएल हार्पर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ८ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या. दिलासा मिळाला तो एवढाच की भारतीय पदाधिकाऱ्यांना आधारऐवजी पासपोर्ट चालेल. त्यामुळे आता बदल व्हायचा तर तो संसदेतच. आमची मागणी छोटी आहे. दोन्ही संस्था नोंदणीकृत असतील, दोघींचीही दिल्लीत खाती असतील, तर एकीकडून दुसरीकडे निधी जाऊ द्यावा. दोन्ही खाती एकाच शाखेत असताना पैसा कुठे गेला हे कळत नाही, असा युक्तिवाद उरत नाही.

आता व्यवहाराचे. सर्वांत जास्त चुका 'हा पैसा परदेशी आहे का' या पहिल्याच प्रश्नावर होतात. लोक चलन पाहतात, पाहायचे असते ते देणाऱ्याचे नागरिकत्व. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला गावकरी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, तेव्हा ते परकीय योगदान नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत फाइलला लावा आणि पावती द्या. त्याचा सख्खा भाऊ अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर त्याचे पुण्याच्या बँकेतून आलेले रुपयेसुद्धा परकीय योगदान. 'त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे' हे उत्तर आम्ही शेकडो वेळा ऐकतो. ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', हा नाव काहीही असले तरी परदेशी नागरिकच.

महाराष्ट्र मंडळांचे पैसे हा तर वेगळाच गुंता. परदेशात नोंदलेले मंडळ हे परदेशी स्रोत आहे, त्यात वर्गणी देणारे सगळे भारतीय पासपोर्टवाले असले तरी. गणेशोत्सवात जमलेली रक्कम मंडळाच्या खात्यातून गावच्या शाळा समितीला पाठवली की कायदा मोडला. भारतीय नागरिक असलेल्या सभासदांनी आपापल्या खात्यातून स्वतंत्रपणे पाठवली तर नाही. मंडळांच्या कार्यकारिणींनी एवढे एक वाक्य आवाहनाच्या पत्रकात छापले तरी कितीतरी गावांची डोकेदुखी वाचेल.

मुंबईतल्या वाणिज्य दूतावासांकडून मिळणारी छोटी अनुदानेही याच कायद्यात येतात, कारण परदेशी सरकार हा परदेशी स्रोत आहे. जपान सरकारची तळागाळातल्या प्रकल्पांसाठीची अनुदान योजना अनेकांना माहीत असते. तिचा भर इमारत आणि उपकरणांवर असतो. पगार आणि रोजचा खर्च त्यातून निघत नाही. रुग्णवाहिका मिळते, पण चालक आणि डिझेल संस्थेने पाहायचे. अर्ज करण्याआधी पुढच्या पाच वर्षांचा चालवण्याचा खर्च मांडला नाही, तर गाडी शेडमध्ये उभी राहते.

उलट बाजूने, जे परकीय नाही त्यालाही लोक घाबरतात. चाकणच्या औद्योगिक वसाहतीतल्या जर्मन किंवा कोरियन कंपनीच्या भारतीय उपकंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, परदेशी भागभांडवल कायद्याच्या मर्यादेत असेल तर, २०१६ च्या बदलानंतर परकीय योगदान ठरत नाही. कंपनीकडून तसे लेखी घ्या म्हणजे झाले. पालघरच्या बचत गटाने वारली चित्रे परदेशी ग्राहकाला योग्य किमतीला विकली तर तो व्यापार आहे. दोन हजारांच्या चित्राला 'मदत म्हणून' वीस हजार घेतले तर वरचे अठरा हजार देणगी. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि जागतिक बँक यांना परदेशी स्रोतातून वगळले आहे.

चुकून आलेल्या पैशाबद्दल. संकेतस्थळावर देणगीचे बटण लावताना पेमेंट गेटवेत परदेशी कार्डे बंद करून घ्या, नाहीतर एक दिवस कुणा अनोळखी माणसाचे पन्नास डॉलर साध्या बचत खात्यात येऊन पडतात. आले तर खर्च करू नका, दुसऱ्या खात्यात वळवू नका. बँकेला लेखी कळवून परत पाठवा आणि तो पत्रव्यवहार जपा. परदेशातून भेट आलेले जुने लॅपटॉप आणि व्हीलचेअरही योगदानातच मोजल्या जातात, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

पूर्ण नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला हवा, प्रशासकीय खर्च वगळून. इथेच छोटी संस्था अडते. बंधाऱ्यावर गावाने केलेले श्रमदान, शेतकऱ्याने दिलेला ट्रॅक्टर, मुक्कामाला मिळालेले घर हे काहीच ताळेबंदात येत नाही. दहा लाखांचे काम तीन लाखांत केले याचे कौतुक ग्रामसभेत होते, अर्जात त्याचा तोटा होतो.

अशा संस्थेसाठी पूर्वपरवानगीची वाट आहे आणि ती फार कमी वापरली जाते. एक देणगीदार, एक ठरलेली रक्कम, एक प्रकल्प. अर्ज एफसी-३बी, ऑनलाइन. सोबत देणगीदाराचे वचनपत्र आणि खर्चाच्या तपशिलासह प्रकल्प अहवाल. दोन्हींतली रक्कम रुपयापर्यंत जुळायला हवी. वचनपत्रात डॉलर आणि अहवालात रुपये असतील तर कोणता दर धरला ते लिहा. रक्कम एक कोटीच्या वर असेल तर ती हप्त्याने मिळू शकते आणि आधीच्या हप्त्याचा ७५ टक्के वापर दाखवल्याशिवाय पुढचा सुटत नाही. २०२५ पासून मुदतही ठरली आहे: परवानगीपासून तीन वर्षांत पैसा यायला हवा आणि चार वर्षांत संपायला हवा.

परदेशस्थ गावकऱ्यांनी काढलेले ट्रस्ट एका नियमावर हमखास आपटतात. घेणाऱ्या संस्थेचा प्रमुख देणाऱ्या संस्थेत असता कामा नये, आणि कार्यकारिणीतले किमान ७५ टक्के लोक देणाऱ्या संस्थेबाहेरचे, म्हणजे तिचे सदस्य किंवा कर्मचारी नसलेले हवेत. देणगीदार एकटी व्यक्ती असेल तर ७५ टक्के लोक तिच्या कुटुंबाबाहेरचे हवेत. भाऊ, वहिनी, चुलते आणि मेहुणा मिळून केलेला पाच जणांचा ट्रस्ट यात बसत नाही.

आणि तरीही, आमच्या अनुभवात महाराष्ट्रातले अर्ज अडकण्याचे एक मोठे कारण दिल्लीत नाही. ते जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात आहे. विश्वस्त बदलला की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत अनुसूची एकच्या उताऱ्यावर जुनीच नावे राहतात. वर्षानुवर्षे प्रलंबित चेंज रिपोर्ट ही या राज्यातल्या संस्थांची नित्याची कथा. परिणाम असा की उताऱ्यावर दिवंगत अध्यक्ष, नीती आयोगाच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या दर्पण पोर्टलवर नवे अध्यक्ष आणि अर्जावर तिसऱ्याच सचिवाची सही. दिल्लीतल्या अधिकाऱ्याला यात घोटाळा दिसला तर त्याला दोष कसा द्यावा? २०१७ च्या दुरुस्तीने विश्वस्तांचा बदल तात्पुरता मान्य करण्याची सोय झाली आहे, तिचा आग्रह धरा. एक चेंज रिपोर्ट प्रलंबित असताना त्यावर दुसरा आणि तिसरा चढला की मात्र तो गुंता सुटायला वकिलाशिवाय गत्यंतर नसते.

नावांचा घोळ तर घरोघरी. घटनेत 'राव' लावलेले, आधारवर नाही. महिला विश्वस्तांचे पॅन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, आणि उताऱ्यावर नुसतेच 'ताई'. बचत गटांतून उभ्या राहिलेल्या संस्थांत निम्मी कार्यकारिणी यात सापडते. अर्जाला हात घालण्याआधी प्रत्येकाचे आधार, पॅन, उतारा आणि दर्पण अशी चार कागदांची नावे एका कागदावर लिहून काढा. अक्षर जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करा. हे काम कंटाळवाणे आहे, दोन महिने खाते, पण वेळ वाचवते.

दिल्लीतल्या खात्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. जवळच्या स्टेट बँक शाखेतून कागदपत्रे जातात. तिथे आलेला पैसा गावाजवळच्या बँकेत संस्थेच्याच नावाने उघडलेल्या वापर खात्यात वळवता येतो. असे खाते उघडले की एफसी-६डी अर्जाने कळवायचे. या दोन्ही खात्यांत स्थानिक देणगीचा एक रुपयाही पडू देऊ नका. व्याज हेही परकीय योगदानच, ते वेगळे दाखवावे लागते. वार्षिक विवरण, एफसी-४, ३१ डिसेंबरपर्यंत द्यायचे, आणि वर्षभरात काही आले नसले तरी शून्याचे द्यायचे. 'पैसेच आले नाहीत, मग कसले विवरण' म्हणणाऱ्या संस्थांच्या नोंदण्या मोठ्या संख्येने गेल्या आहेत.

वीस टक्क्यांची मर्यादा ऐकून लोक कार्यकर्त्यांचे मानधन कापतात. त्याची बहुधा गरज नसते. नियम ५ प्रमाणे रुग्णालयातल्या डॉक्टरांचा, शाळेतल्या शिक्षकांचा पगार हा कामाचा खर्च आहे, प्रशासकीय नव्हे. कार्यालयाचे भाडे, वीज, फोन, हिशेबनीस, व्यवस्थापकांचा पगार आणि प्रवास हे प्रशासकीय. गावोगाव फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीचे मानधन लेखापालाने 'पगार' या एकाच शीर्षाखाली टाकले की मर्यादा ओलांडल्यासारखी दिसते. नेमणूकपत्रात कामाचे स्वरूप लिहा आणि खातेवहीत शीर्ष वेगळे करा.

नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरणाची शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेवा आणि किमान चार महिने आधी अर्ज करा, तशी गृह मंत्रालयाची सूचनाच आहे. मुदत संपली की आलेला पैसाही गोठतो. शिल्लक आहे म्हणून शिक्षकांचा पगार काढता येत नाही.

परदेशी मदत बेभरवशाची असते हे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने निधी रोखला तेव्हा दिसलेच. तृतीयपंथीयांसाठीची कल्याण आणि पुण्यातली दवाखाने-केंद्रे तेव्हा बंद पडली. त्यावर राज्याचा इलाज नाही. चेंज रिपोर्टवर आहे. मुख्यमंत्री सहायता निधीने याच कायद्याखाली परदेशी देणग्या घेण्याची मान्यता २०२५ मध्ये मिळवली, तेव्हा कागद जुळवण्याचे महत्त्व शासनाला सांगायला नको. प्रत्येक जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयाने एफसीआरए अर्जासाठी लागणारे चेंज रिपोर्ट वेगळ्या यादीत घ्यावेत, कोणता कधी दाखल झाला ते फलकावर लावावे, आणि हरकत नसलेले आधी निकाली काढावेत. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

– ग्रामीण संस्थांच्या हिशेब व नोंदणीचे काम पाहणारे काही सहकारी, नाशिक