मोजक्या मेंढ्यांसाठी कातर निवडून देणाऱ्या मामांस

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

करवीर आणि हातकणंगले तालुक्यांत पाच-सात, फार तर डझनभर दख्खनी मेंढ्या बाळगणाऱ्या आम्हा सगळ्यांतर्फे हे पत्र. नाव घालू नका असं तुम्ही बजावलंय, म्हणून घातलेलं नाही. पण तुम्ही जे हाताला धरून शिकवलंत ते आणखी चार जणांच्या कामी यावं, म्हणून आभार जाहीर.

सगळ्यात मोठे उपकार म्हणजे तुम्ही लोकर कातरायचं मशिन घेऊ दिलं नाहीत. दख्खनी मेंढीची वर्षाची लोकर अर्ध्या किलोच्या आसपास. १० मेंढ्यांची मिळून पाचेक किलो. एवढ्यासाठी हजारो रुपये घातले, तर लोकरीच्या पैशातनं मशिनची फणी, म्हणजे लोकरीत शिरणारी दातांची पट्टीसुद्धा सुटत नाही.

कोल्हापुरात आणखी एक मोह असतो. दिवाळी पाडव्याला म्हैस चकाचक करून बाहेर काढायची म्हणून केस भादरायचं मशिन घरात असतंय, त्यातच मेंढ्याही उरकू असं वाटतं. त्या मशिनचे दात बारीक आणि दाट, केसांपुरते ठीक. लोकरीत ते शिरत नाहीत. लोकरीचा मेणचट चिकटा आणि माती दातांत बसते, पातं तापतं, लोकर कापायच्या ऐवजी ओढली जाते आणि मेंढी बिथरते. मेंढीच्या मशिनची फणी वेगळी असते: साधारण १३ लांब, विरळ, टोकाला निमुळते दात आणि त्यावर सरकणारं ४ टोकांचं पातं. ‘दोन्हीला चालतंय’ म्हणणाऱ्या दुकानातनं सरळ बाहेर पडायचं, हा तुमचा सल्ला सोळा आणे खरा.

हातकातर निवडायची तुमची रीत तर लिहूनच ठेवावी अशी. मागं कमानीची स्प्रिंग असलेली, पातं साडेसहा इंचांच्या आत-बाहेर. मूठ आवळून कातर हळूहळू मिटायची आणि उजेडासमोर धरून बघायचं: दोन्ही पाती एकमेकांना एकाच ठिकाणी टेकली पाहिजेत आणि ती जागा मुळापासून टोकाकडं सरकत गेली पाहिजे. मधेच फट दिसली तर तिथं लोकर दुमडते, कापत नाही. मग २० वेळा भराभर उघड-मीट करायची. तेवढ्यात मनगट भरून आलं तर स्प्रिंग कडक आहे, ती कातर दुसऱ्याला राहू दे. पाती मिटताना मुळाशी खटखट आपटतात, त्या आवाजाला मेंढी दचकते आणि धारही लवकर जाते. तिथं चामड्याचा तुकडा बसवायचा. हे तर कुठलाच दुकानदार सांगत नाही.

एकीच्या दोन कातरी घ्यायच्या, हेही पटलं. माती-कुसळांनी भरलेल्या लोकरीत धार लवकर मरते आणि बोथट कातरीला जोर लावला की कातडी कापते. धार फक्त बाहेरच्या उतारावर लावायची, आतली सपाट बाजू घासायची नाही. शिवाय हातकातर अंगावर थोडी लोकर राखते. आपल्याकडच्या पावसात आणि गारठ्यात ती मेंढीला हवीच असते. मशिन पार तळापर्यंत घेतं.

ज्यांचे कळप २५-३०च्या पुढं आहेत त्यांनी चौघांत मिळून मशिन घ्यावं, हे तुमचं मत आम्हालाही मान्य. भागीदारीत भांडण मशिनवरनं होत नाही, धारेवरनं होतं. म्हणून एका फणीमागं ३-४ पाती आधीच घ्यायची, कारण पातं फणीच्या कितीतरी आधी बोथट होतं. पात्याची टोकं फणीच्या टोकांच्या मागं ठेवायची. पुढं आली तर कातडी फाटलीच म्हणायची. पातं फणीवर दाबून धरणारं ताणाचं बटण सैल असलं की लोकर मधे शिरून ओढते, जास्त आवळलं की मशिन तापतं. दर मेंढीमागं तेलाचे चार थेंब. लांब, बारीक वायर लावली की व्होल्टेज पडतं आणि मोटार गरम होते, हे खेड्यात विसरून चालत नाही. फणी-पातं धारेला मात्र साध्या सहाणेवर द्यायचं नाही. फणीचा घासणारा पृष्ठभाग बिघडला की ती गेलीच. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत चौकशी करताना ‘मेंढीच्या फणीला धार लावायची खास चकती आहे का’ एवढं आधी विचारायचं.

कातरणीच्या दिवसाचं थोडक्यात: मेंढ्या धुऊन पूर्ण वाळवलेल्या, आदल्या रात्रीपासून उपाशी, भरलेल्या पोटावर मेंढी आडवी केली की तिला धाप लागते. कातडी दुसऱ्या हातानं ताणून धरायची. मान, जांघ आणि सडाजवळ घाई नाही. एकाच जागी दोनदा कातर फिरवली की आखूड तुकडे पडतात, ते घोंगडीच्या सुतात टिकत नाहीत. कोकरांचं जावळ वेगळं बांधायचं, त्याला मागणी वेगळी. अंगावर गाठ असलेली मेंढी सगळ्यात शेवटी आणि तिच्यानंतर कातर जंतुनाशकात बुडवायची, नाहीतर रोग पुढच्या हंगामापर्यंत कळपभर होतो. जखमेला लगेच औषध, कारण माशी वाट बघत बसलेलीच असते.

आमच्यातल्या दोघांच्या कातरींची धार पावसाआधी लावायची आहे. तेवढी सवड काढून या मामा, चहा आमच्याकडं.

लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
करवीर-हातकणंगल्यातले मेंढीवाले