परताव्याची कोरी ओळ : केंद्रीय अर्थमंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

सोलापूर, दि. १० नोव्हेंबर २०२५

माननीय श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

महोदया, सादर नमस्कार.

सोलापुरात मी टेरी टॉवेलचा छोटा कारखाना चालवतो आणि त्यातला बराचसा माल परदेशी जातो. तयार कपडे व टॉवेल-चादरींसारख्या वस्तूंच्या निर्यातीवर राज्य आणि केंद्राचे कर परत करणारी योजना, जिला आम्ही बोलताना 'रोस्कटल' म्हणतो, ३१ मार्च २०२६ रोजी संपते आहे. कापसावरील आयात शुल्काची माफी त्याआधीच, ३१ डिसेंबरला संपेल. अशा तारखा जवळ आल्या की शिष्टमंडळे दिल्लीला निघतात, आणि इकडे पूर्व भागातल्या शेडमध्ये मागावर नवा बीम चढवावा की थांबावे, याची चर्चा सुरू होते. या मुदतवाढीच्या पद्धतीविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे.

जानेवारी २०२४ मध्ये एका परदेशी खरेदीदाराने मे महिन्यात पाठवायच्या मालाचा दर मागितला होता. परतावा ठरतो तो माल निर्यात होतो त्या तारखेवर, ऑर्डर घेतली त्या तारखेवर नव्हे, आणि योजना तेव्हा ३१ मार्चपर्यंतच होती. कॉस्टिंगच्या कागदावर सूत, रंगाई, शिलाई, पॅकिंग आणि गाडीभाडे यांच्या खाली परताव्याची एक ओळ असते. ती मी कोरी ठेवली, कारण मिळेल की नाही हे ठाऊक नसलेल्या पैशावर दर देणे माझ्यासारख्याला झेपत नाही. डझनामागचा दर चढला आणि ऑर्डर हातची गेली. पुढे १ फेब्रुवारीला मंत्रिमंडळाने योजना दोन वर्षांनी वाढवली. निर्णय योग्यच होता, परंतु ज्या बायका घरी बसून त्या टॉवेलांच्या कडा शिवणार होत्या, त्यांच्यापर्यंत ते काम पोहोचलेच नाही. मोठा निर्यातदार मुदतवाढ होणारच असे धरून दर देतो आणि अंदाज चुकला तर तोटा सोसतो. छोट्याला ती सोय नाही.

शिवाय या परताव्याला सवलत म्हणावे का, हाच माझा प्रश्न आहे. वाहतुकीच्या इंधनावरील व्हॅट, विजेवरील शुल्क, बाजार समितीचा कर हे सारे जीएसटीच्या बाहेर राहून मालाच्या किमतीत मुरतात, आणि ते परत करण्यासाठीच ही योजना मार्च २०१९ मध्ये आली. विजेवरील शुल्क ३१ मार्चला थांबणार नाही, मग त्याचा परतावा त्या दिवशी का थांबावा? परताव्याचे दर ठरावीक काळाने जरूर तपासावेत आणि जास्त असतील तर कमीही करावेत. योजना राहणार की जाणार, हा प्रश्न मात्र दर वेळी टांगणीला लागू नये.

कापसाची गोष्ट वेगळी आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात आयात कापसावर एकूण ११ टक्के शुल्क आले. ते १४ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०२२ या काळापुरते माफ झाले आणि मग माफी ऑक्टोबरअखेरपर्यंत वाढली. यंदा १९ ऑगस्टला सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणून दिलेली माफी दहा दिवसांच्या आतच डिसेंबरअखेरपर्यंत वाढवण्यात आली. अमेरिकेने २७ ऑगस्टपासून आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावले आहे, त्यामुळे गिरण्यांची निकड खरी आहे, आणि सूत स्वस्त झाले तर माझाही फायदा आहे, हे मी लपवत नाही. पण शेजारच्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने जूनमध्ये सरकी टोबली तेव्हा शुल्क लागू होते, आणि बोंडे फुटण्याच्या आधी ते उठले. ज्याला पीक बदलायची संधीच उरली नव्हती, त्याच्यावर हा निर्णय येऊन पडला. ही खरीखुरी सवलत आहे, म्हणून तिची तारीख पेरणीआधी जाहीर व्हावी आणि एकदा ठरली की पाळली जावी.

२०२१ साली आपणच सीमाशुल्क कायद्याच्या कलम २५ मध्ये दुरुस्ती करून सशर्त माफीला, वेगळे काही नमूद नसेल तर, साधारण दोन वर्षांची मर्यादा घातली. करसवलतींमुळे किती महसूल सोडावा लागतो, याचे विवरण अर्थसंकल्पासोबत दर वर्षी येतेही. त्याच शिस्तीत प्रत्येक मुदतीचा निर्णय किमान सहा महिने आधी व्हावा, आणि कोणाला किती लाभ झाला हे निर्णयाच्या आधी सर्वांसमोर यावे, एवढीच माझी विनंती आहे. आज मुदत संपत आली की लाभ घेणारा हात जोडून उभा राहतो, आणि ज्याला दिल्लीचे भाडे परवडते त्याचेच गाऱ्हाणे ऐकले जाते.

रोस्कटलसाठी सहा महिन्यांची ती वेळ टळून गेली आहे. एप्रिलमध्ये पाठवायच्या टॉवेलची चौकशी माझ्या टेबलावर पडून आहे आणि खरेदीदाराला महिनाअखेरीस दर हवा आहे. त्या कागदावरची परताव्याची ओळ मी अजून भरलेली नाही. निर्णय या महिन्यातच जाहीर करावा, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक टेरी टॉवेल उत्पादक, सोलापूर