घड्याळाशी शर्यत एक, सायकली दोन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर हल्ली ट्रायथलॉनच्या, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग शर्यतीच्या, बातम्या येतात, मराठवाड्यातल्या खेळाडूंची नावे त्यात दिसतात, याचा आनंद आहे. मात्र ‘टाइम ट्रायल सायकल’ आणि ‘ट्रायथलॉन सायकल’ हे शब्द त्या बातम्यांत एकाच अर्थाने वापरलेले असतात. छायाचित्रात दोन्ही सारख्या दिसतात हे खरे. पुढे शिंगांसारख्या दोन नळ्या, त्यांच्या मुळाशी कोपरे टेकवायला गाद्या, चपटी फ्रेम, उंच रिमची चाके. पण हा घोळ बातमीपुरता राहत नाही. संभाजीनगर, लातूर, नांदेडची मंडळी याच नावांच्या भरवशावर काही लाखांची सायकल मागवतात आणि चूक लक्षात येते ती खोके उघडल्यावर. म्हणून हे पत्र.

दोन्हींतला फरक आधी नियमपुस्तकात आहे, मग नळ्यांत. टाइम ट्रायल ही निव्वळ सायकलिंगची शर्यत, एकेकट्याने घड्याळाविरुद्ध. तिथे यूसीआय या जागतिक संघटनेचे नियम लागतात. सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, केवळ वारा कापण्यासाठी जोडलेला भाग चालत नाही, सीट किती पुढे आणि शिंगे किती लांब-उंच यांना मापाच्या मर्यादा आहेत. ‘यंत्रापेक्षा माणूस मोठा’ हे १९९६ च्या लुगानो जाहीरनाम्याचे सूत्र या सगळ्याच्या मुळाशी आहे. गंमत अशी की ही शिंगे मुळात ट्रायथलॉनवाल्यांची. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशीच्या २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलला अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने ती लावली, फ्रान्सच्या लॉराँ फिन्याँची ५० सेकंदांची आघाडी खाऊन टाकली आणि टूर ८ सेकंदांनी जिंकली. त्यानंतर सायकलपटूंनाही शिंगांची किंमत कळली.

ट्रायथलॉनमध्ये ज्या शर्यतीत दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवायला, म्हणजे ड्राफ्टिंगला, बंदी असते, तिथे सायकलच्या रचनेला बरीच मोकळीक आहे. म्हणून फ्रेमच्या पोटात पाण्याची टाकी, खाण्याचा डबा, पंक्चरच्या सामानाचा कप्पा असे सगळे तिथे चालते. सर्व्हेलो कंपनीच्या पी५एक्सला तर सीटखालची उभी नळीच नाही. अशी सायकल यूसीआयच्या नियमांखालच्या टाइम ट्रायलला नेली तर तपासणीतच परत पाठवतील. स्पेशलाइज्डची शिव ट्राय, कॅनियनची ट्रायथलॉनसाठीची स्पीडमॅक्स सीएफआर यांचेही तेच. सर्व्हेलोच्या पी५सारखी एखादी फ्रेम दोन्हीकडे चालते, पण ते विकत घेण्याआधी कागदावर पाहायचे, विक्रेत्याच्या तोंडावर नव्हे.

तिसरा प्रकार विसरला जातो आणि तरुण मुलांच्या बाबतीत तोच महाग पडतो. ऑलिम्पिक पद्धतीच्या ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे, अव्वल खेळाडूंना ड्राफ्टिंगची मुभा असते. तिथे वाकड्या हँडलची साधी रोड सायकलच लागते. मुलाला पुढे त्या वाटेने पाठवायचे असेल तर या दोन्हींपैकी एकही सायकल कामाची नाही.

आता शरीराकडे. रोड सायकलच्या सीट-नळीचा जमिनीशी कोन साधारण ७२ ते ७४ अंश असतो, ट्रायथलॉनचा ७६ ते ८० च्या आसपास. म्हणजे माणूस पेडलच्या बराच वर-पुढे बसतो. छाती खाली गेली तरी मांडी पोटावर आपटत नाही, कमरेचा कोन उघडा राहतो. टाइम ट्रायलवाला ४०-५० मिनिटे दात-ओठ खाऊन बसला की त्याचे काम संपते. गोव्यात २०१९ मध्ये सुरू झालेल्या आयर्नमॅन ७०.३ या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनला ९० किलोमीटर सायकलनंतर २१.१ किलोमीटर धावायचे असते. तेवढा वेळ मान वर धरून बसता आले नाही तर खेळाडू दर दहा मिनिटांनी उठून बसतो, आणि उठून बसला की लाखांची फ्रेम वाऱ्यापुढे कवडीमोल. वाऱ्याला सर्वांत जास्त अडतो तो माणूस, सायकल नव्हे.

म्हणून अंथरूण पाहून पाय पसरण्याची म्हण इथे उलटी चालते: पाय मोजून अंथरूण घ्यायचे. आधी शरीराचे माप, मग फ्रेम. हे माप घरीही काढता येते आणि त्याला गवंड्याचा ओळंबा पुरतो. आहे ती रोड सायकल शिंगे जोडून ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, लावा. दोन्ही चाकांचे आस जमिनीपासून सारख्या उंचीवर आणा. बहुतेक ट्रेनरवर त्यासाठी पुढच्या चाकाखाली ठोकळा लागतो. सीट आणि गाद्या हलवत अशी बैठक शोधा की २० मिनिटे जोर लावूनही मान, खांदे आणि सीटवरची जागा तक्रार करत नाही. दंड जमिनीकडे जवळपास उभे, कोपराचा कोन ९० ते १००, गादी कोपराच्या हाडाखाली नाही तर किंचित पुढे. मग गादीच्या मागच्या कडेवरून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने खूण करा. दुसरा ओळंबा पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यावरून. दोन खुणांमधले आडवे अंतर हा पहिला आकडा. गादीची जमिनीपासूनची उंची वजा त्या आसाची उंची, हा दुसरा. कंपन्या आपल्या तक्त्यांत पॅड रीच आणि पॅड स्टॅक या नावांनी हेच छापतात. (काही गादीच्या मध्यापासून मोजतात, तेवढे तपासा.) ‘मीडियम’, ‘लार्ज’ या अक्षरांना काही अर्थ नाही.

समजा उंचीचा आकडा ६४० मिलिमीटर आला आणि एखाद्या टाइम ट्रायल फ्रेमवर गाद्या सर्वांत खाली ५७० वर बसतात. म्हणजे खाली ७० मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या चकत्या, रचायचे. कंपनीची मर्यादा त्याहून कमी असेल तर ती फ्रेम तिथेच बाद. लांब बोल्ट घालून जबरदस्ती केली तर खड्ड्यात गाद्या डोलतात आणि बोल्टवर तरफेसारखा ताण येतो. दुसरी चूक सीटची. टाइम ट्रायल फ्रेमवर ट्रायथलॉनची बैठक साधायला सीट तिच्या खालच्या रेलवरच्या (सळीवरच्या) खुणांपलीकडे पुढे ओढतात. रेल वाकतो, पुढच्या चाकावर भार जास्त येतो आणि ब्रेक दाबला की मागचे चाक हलके होते. जुन्या टाइम ट्रायल सायकलींच्या विक्रीच्या जाहिरातींत ‘ट्रायथलॉनसाठी उत्तम’ लिहिलेले असते, त्यांतल्या बऱ्याच या दोन कारणांनी बसत नाहीत.

मराठवाड्याचे रस्ते हा वेगळाच परीक्षक आहे. समृद्धी महामार्गावर सायकल चालत नाही, तेव्हा सराव इतर महामार्गांच्या कडेने किंवा गावरस्त्यांवर. काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यानंतर लाटेसारखा होतो. अशा लाटेवर सीटमागच्या जाळीतली बाटली गोफणीतल्या दगडासारखी उडते, आणि खेळाडूला कळते ते तहान लागल्यावर. इथल्या उन्हात तासाला पाऊण लिटर तरी धरा, म्हणजे तीन तासांना सव्वादोन लिटर. टाइम ट्रायल फ्रेमवर एखाद-दुसऱ्या बाटलीची सोय असते, कारण तिला तेवढीच लागते. दोन शिंगांच्या मध्ये आडवी बाटली बसवा, ती उडत नाही आणि पाणी पिताना मान खालीच राहते. मागची जाळी ठेवायचीच तर घट्ट पकडीची, वर रबराचा पट्टा.

वाऱ्याचे म्हणाल तर बीड-धाराशिवच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. जून-जुलैत पश्चिमेचा वारा आडवा मारतो. पुढचे चाक दिशा धरते आणि हात शिंगांवर जवळजवळ असल्याने हँडल सावरायला जोर मिळत नाही. पुढे ८० मिलिमीटर उंचीचे रिम लावून फोटो छान येतो, पण पुलावर भिंत संपताच सायकल अर्धा मीटर सरकते. पुढे ४० ते ५० पुरे, मागे हवे तेवढे खोल. टायर २८ मिलिमीटरचे घ्या, ते फ्रेममध्ये बसते का हे आधी पाहा. बऱ्याच जुन्या टाइम ट्रायल फ्रेममध्ये २५ च्या वर जात नाही. ६५-७० किलोच्या माणसाला २८ मध्ये ७० पीएसआयच्या आसपास हवा ठीक. रिम हुकलेस, म्हणजे कडेला टायर अडकवायचा हुक नसलेले, असेल तर ७२.५ ही कमाल, त्यापुढे पंप थांबवायचाच. वेड्या बाभळीच्या काट्याला कोणतेच टायर पुरत नाही. ट्यूबलेस टायरमधले सीलंट काट्याचे भोक भरून काढते, पण आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकते, दर दीड-दोन महिन्यांनी पाहा. सुटी ट्यूब घेताना व्हॉल्व्हची लांबी मोजा. ६० च्या रिमला ८० मिलिमीटरचा व्हॉल्व्ह लागतो, आणि तो पैठणच्या काय, संभाजीनगरच्या दुकानातही ऐनवेळी मिळेलच असे नाही.

शिंगांवर हात असताना ब्रेक हाताशी नसतात, ते खालच्या हँडलच्या टोकांना. ऊसतोडीच्या हंगामात पहाटे बिनदिव्याची ट्रॉली किंवा रस्त्यावर पडलेली उसाची मोळी समोर येते तेव्हा हा क्षणभराचा उशीर नडतो. वस्तीत, वळणावर, कन्नडच्या घाटात हात ब्रेकवरच हवेत. बैठकीचा खरा सराव ट्रेनरवर करा. तिथे एक शत्रू मात्र लपलेला असतो: घाम. तो गाद्यांवरून ओघळून बोल्टांत आणि हँडलच्या पट्टीखाली साचतो. महिन्यातून एकदा पट्टीचे टोक उचलून पाहा. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी, खाली बारीक खड्डे दिसले तर ते हँडल उतरवायचे, पुसून परत लावायचे नाही. अशी हँडले न सांगता तुटतात.

ज्यांना वर्षात एक-दोन शर्यती करायच्या आहेत त्यांनी दोन्ही सायकली बाजूला ठेवाव्यात, असे स्पष्ट मत आहे. चांगली रोड सायकल आणि काही हजारांची क्लिप-ऑन, म्हणजे आहे त्याच हँडलवर कसायची, शिंगे पुरतात. हँडल मध्यावर ३१.८ मिलिमीटर गोल आहे ना, हे पाहा. चपट्या एअरो हँडलवर ती बसत नाहीत. बोल्ट त्यावर छापलेल्या आकड्याइतकेच, साधारण ५ न्यूटन-मीटर, टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, कसायचे. हँडल कार्बनचे असेल तर कंपनीची परवानगी आणि घर्षण पेस्ट, दोन्ही हवे. सीट ३ सेंटिमीटर पुढे घेतली की ती पेडलला सुमारे ९ मिलिमीटर जवळ येते, तेवढी वर उचला. बहुतेक जण हे विसरतात आणि गुडघा धरला म्हणून शिंगांना दोष देतात. सीटचे नाक मध्ये दुभागलेले असेल तर उत्तम.

जुनी सायकल घेणाऱ्यांनी बैलाचे दात पाहतात तशी सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढून पाहावी, त्यावरच्या चिरा आत लपतात. मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो टांगायची पट्टी, त्या मॉडेलचाच असतो, म्हणून एक सुटा आधीच मागवा. आणि केबल-पाइप हँडलच्या आतून गेलेले असतील तर गोव्याला नेताना हँडल सुटे होते का, हे विचारा. काहींत हायड्रॉलिक ब्रेकचे तेल काढल्याशिवाय ते निघत नाही, आणि शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत ते काम होत नाही.

आपणास विनंती एवढीच, की स्पर्धेच्या घोषणेची बातमी छापताना तीन गोष्टी आयोजकांकडून विचारून द्याव्यात: ड्राफ्टिंगला मुभा आहे की बंदी, बंदी असल्यास दोन सायकलींत किती अंतर, आणि सायकलची तपासणी कोणाच्या नियमांनी. लांब पल्ल्यात हौशी खेळाडूंसाठी हे अंतर सहसा १२ मीटर असते, पण ते पुढच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत मोजतात, मधल्या मोकळ्या जागेचे नव्हे. हेही त्याच ओळीत यावे.

कळावे,
आपला,
एक सायकल फिटर, छत्रपती संभाजीनगर