सहाव्या सिलिंडरमधल्या दोन रेघा

कोव्हेंट्री, रविवार रात्र

प्रिय दिग्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ नाही. काकांच्या वर्षश्राद्धाची तारीख डोक्यात होती, तरी फोन राहिला. चुकलं माझं, त्याला सबब नाही. आज लिहायला बसलोय कारण गाडी घेतली, आणि तिच्याबद्दल मनात जे अडकलंय ते इथं कुणाला सांगून कळणार नाही. इथल्या मित्रांना गाडी दिसते. तुला सिलिंडर दिसतो.

हो, तीच. पोर्शे नाइन-इलेव्हन. पहिल्या पिढीची ९९७, ३.६ लिटर, मॅन्युअल, रंग करडा. नोंदणी फेब्रुवारी २००६, चाललेली ७४,००० मैल, किंमत २१,८०० पौंड. 'एस', म्हणजे हीच गाडी ३.८ लिटरच्या मोठ्या इंजिनाची, घेतली नाही. ओरडू नकोस. "घ्यायची तर मोठीच घ्यायची, नाहीतर सायकल बरी" हे तुझं राजारामपुरीतलं वाक्य मी विसरलेलो नाही, आणि त्यावरून आपण चार दिवस बोललो नव्हतो हेही. ३.८ मध्ये ३५५ घोडे, हिच्यात ३२५. पण बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, ओरखडल्याच्या तक्रारी ३.८ मध्ये जास्त येतात. तीस घोड्यांसाठी ती जोखीम मला नको होती. अजूनही माझंच बरोबर आहे असं मला वाटतं.

नोंदणीची तारीख मुद्दाम बघून घेतली. इथे रोड टॅक्स धुरातल्या कार्बनवर असतो. २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेली गाडी कितीही धूर ओकणारी असली तरी 'के' पट्ट्याच्या वर जात नाही. त्या तारखेनंतरची हीच गाडी 'एम' पट्ट्यात, म्हणजे वर्षाला तीनशे पौंडांच्या वर फरक. मग २००५ ची का नाही? तर बेअरिंगमुळे. या इंजिनात क्रँकवरून चेननं फिरणारा एक मधला शाफ्ट आहे, तो पुढे कॅमशाफ्टना फिरवतो. त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग. सील कडक पडलं की इंजिन ऑइल आत झिरपून ग्रीस धुऊन नेतं, पण बेअरिंगला पुरेल इतकं ताजं ऑइल काही आत फिरत नाही. बेअरिंग फुटलं की टायमिंग गेलं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले, आणि मग हाफ इंजिनच्या दुरुस्तीवरसुद्धा भागत नाही, पूर्ण इंजिनच जातं. २००५ मध्ये एका ठरावीक इंजिन नंबरानंतर मोठं बेअरिंग आलं, ते पुष्कळ दमदार आहे. म्हणजे कमी टॅक्स आणि मोठं बेअरिंग, दोन्ही हवं तर हातात काही महिन्यांच्याच गाड्या उरतात. म्हणून एवढी वर्षं शोधत होतो.

मोठ्या बेअरिंगची गोम एवढीच की क्रँककेस दोन भागांत उघडल्याशिवाय ते बाहेर येत नाही. मात्र क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवला की बाहेरच्या बाजूचं सील टोकदार हुकानं काढून टाकता येतं. मग इंजिनचं ऑइलच त्याला वंगण देतं. हिच्या क्लचमध्ये अजून जीव आहे. तो बदलताना सील काढेन, मागचं क्रँक सीलही त्याच वेळी.

आता खरी गोष्ट. घेण्याआधी तपासणी केली, नीट केली. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून ओव्हर-रेव्हचा, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं त्याचा, रिपोर्ट काढला. त्यात सहा पट्टे असतात आणि वरचे तीन, म्हणजे चार ते सहा, महत्त्वाचे. पाचव्यात टाकायच्या ऐवजी तिसऱ्यात गिअर पडला की आकडे तिथे उमटतात. हिचे वरचे तिन्ही कोरे. इंजिनाचे एकूण तास २,३१०. मैलांना तासांनी भागलं की सरासरी ताशी ३२ मैल, म्हणजे मीटर मागे फिरवलेला नाही. मीटर कुणीही फिरवेल, तास फिरवायची आठवण फार थोड्यांना राहते. वार्षिक तपासणीचे जुने निकाल सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात, दरवर्षीच्या मैलांसकट. तेही जुळले.

मग कॅमेरा. इथेच बहुतेक जण फसतात. प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडतात, वरचा भाग चकचकीत दिसतो आणि शेरा मिळतो, "उत्तम". पण पिस्टन खाली असताना तो बोअरचा खालचा भाग झाकतो, आणि या इंजिनात रोग बऱ्याचदा तिकडूनच सुरू होतो. म्हणून मी ऑइल काढायला लावलं, संपची, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीची, प्लेट उतरवायला लावली, एकेक पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वर, नेऊन खालून कॅमेरा घातला. विकणारा कुरकुरला. ऑइलचे आणि मजुरीचे पैसे मी देतो म्हटल्यावर गप्प बसला. तुझी शिकवण: दुसऱ्याची गाडी उघडायची तर खर्च आपला.

एक ते पाच स्वच्छ. सहामध्ये दोन रेघा.

केसाएवढ्या. एकमेकींपासून बोटभर अंतरावर, बोअरच्या लांबीच्या दिशेनं, बुडाकडून वर येणाऱ्या. कॅमेऱ्याचा दिवा सरळ पडला की त्या नाहीशा होतात, तिरका पडला की चांदीच्या तारेसारख्या चमकतात. कडा काळ्या नाहीत, मधला भाग खरवडलेला नाही, आजूबाजूची होनिंगची, म्हणजे बोअर घासताना मुद्दाम पाडलेली, जाळी शाबूत आहे. नखाला लागतात का हे कळायला मार्ग नाही, कारण नख तिथवर पोचत नाही. तुझ्या शॉपमध्ये ब्लॉक टेबलावर असता तर एका मिनिटात सांगितलं असतंस.

तुझ्याकडे येतात त्या ट्रॅक्टरच्या ओतीव लोखंडाच्या लायनरसारखं हे प्रकरण नाही. अर्धा मिलिमीटर बोअर कर, ओव्हरसाइज पिस्टन टाक, संपलं, असं इथे होत नाही. हा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, लायनर नाहीच. लोकासिल म्हणतात त्याला. तू फाउंड्रीत वाढलास, तुला आवडेल: सिलिकॉनची सच्छिद्र नळी आधी साच्यात ठेवतात आणि वितळलेलं ॲल्युमिनियम दाबाखाली तिच्यात मुरवतात. म्हणजे बोअरच्या भिंतीपुरताच सिलिकॉन, बाकी साधा मिश्रधातू. पिस्टनची रिंग चालते ती वर डोकावणाऱ्या सिलिकॉनच्या कणांवर. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासू नये म्हणून पिस्टनच्या स्कर्टवर लेप असतो. तो लेप झिजला, एखादा कण सुटला, की तोच कण कानशीसारखा फिरतो आणि पुढचे कण सोडवतो. चार, पाच, सहा या बाजूला हे जास्त घडतं, त्यातही सहाव्यात. म्हणजे माझ्या रेघा नेमक्या बदनाम घरात.

आपलं जुनं भांडण यावरच ना? येझदीच्या वेळी तू म्हणालास, "चालतंय तोवर खोलू नकोस." मी खोललं, आणि रिंग तुटलेली निघाली. तू आजवर म्हणतोस की ती खोलताना माझ्या हातून तुटली. दिग्या, ती आधीच तुटलेली होती. तुटलेल्या कडेवर काजळी होती, नव्या तुटीवर काजळी कुठून येईल? हे पंचवीस वर्षं सांगतोय. पण या वेळी बाजू उलटल्या आहेत. इथे 'खोलणं' म्हणजे इंजिन उतरवून ब्लॉक पाठवायचा, सहाही बोअर मोठे करून निकासिलचा मुलामा दिलेले स्लीव्ह बसवायचे, नवे पिस्टन, नव्या चेन. दहा ते पंधरा हजार पौंड, म्हणजे गाडीच्या निम्म्या किमतीच्या आसपास किंवा त्याहून जास्त. त्यामुळे या वेळी तुझंच वाक्य मला धरून ठेवायचंय, आणि ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.

गाडीची बाकी लक्षणं चांगली आहेत. गरम झाल्यावर टकटक नाही. गार इंजिनाची टकटक बहुधा टॅपेटची, पुढे थांबते. गरम इंजिनावर वाढणारी टकटक हे भिण्याचं लक्षण. दोन्ही टेलपाइपमधून पांढरं फडकं फिरवलं, काजळी दोन्हीकडे सारखी. एकीकडे जास्त ओली काळी असती तर मी परत फिरलो असतो. सुरू करताना पांढऱ्या धुराचा लोट नाही, इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सहज उघडतं, म्हणजे इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा ऑइल सेपरेटर ठीक. जुन्या फिल्टरच्या घड्या कात्रीनं उलगडून उन्हात धरल्या आणि लोहचुंबक फिरवलं. चुंबकाला काही चिकटलं नाही, म्हणजे बेअरिंगचा चुरा नाही. न चिकटणारी, चकाकणारी कपची शोधली, तीही नाही. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवलाय. लोखंड, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन, हे तीन आकडे बघायचे. पण एका आकड्याला अर्थ नाही, तो वाढत जातो का हे कळायला निदान तीन नमुने लागतात.

चालवण्याची शिस्त ठरवली आहे. पाण्याचा काटा ८० वर लवकर येतो, ऑइलचा बराच मागे असतो. ऑइल ८० ला पोचेपर्यंत मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वर नाही. त्याच वेळी चढावर पाचव्यात कण्हतही न्यायची नाही, कमी फेऱ्यांवर जोर दिला की पिस्टन भिंतीवर रेटला जातो. दूध आणायला ही गाडी काढायची नाही. गार इंजिनात पेट्रोल जास्त जातं आणि भिंतीवरचा ऑइलचा थर धुतला जातो, आणि दोन मैलांच्या फेरीत इंजिन गार ते गारच राहतं. थर्मोस्टॅट ७१ अंशांचा घालणार, म्हणजे तो लवकर उघडेल आणि इंजिन जरा गार चालेल. पुढचा बंपर काढून रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्यामधली पानं काढली, दीड बादली निघाली. कुजलेली पानं ओल धरतात आणि कंडेन्सर खातात. डिपस्टिक या गाडीला नाहीच, पडद्यावर पट्ट्या दिसतात. पट्ट्या पूर्ण भरायच्या नाहीत, एक रिकामी ठेवायची, नाहीतर जादा ऑइल सेपरेटरमधून इनटेकला जातं.

हे सगळं करतोय, तरी रात्री डोळे मिटले की त्या दोन रेघा दिसतात. गॅरेजमध्ये जाऊन नुसता उभा राहतो. मागून ती इतकी देखणी आहे, दिग्या, त्या रुंद कुल्ल्यांवर हात ठेवला की बोलावंसं वाटत नाही.

तुझं काय? दुसरं होनिंग मशीन बसलं का? उद्यमनगरातला तो भाड्याचा वाद मिटला? रेवाची दहावी झाली ना, मार्क कळव. काकूंच्या गुडघ्याला आता आराम असेल, त्यांना नमस्कार सांग. मी बरा आहे, बीपीची गोळी चालू. अनघा म्हणते दिग्या भावोजी कधी येणार. व्हिसाची कागदं मी बघतो, तू फक्त तारीख ठरव. आल्यावर पहिल्या दिवशी किल्ली तुझ्या हातात, पण ऑइल ८० होईपर्यंत माझं ऐकायचं.

सोबत सहा फोटो आहेत. तिसरा मोठा करून बघ. उजवीकडची रेघ वरपर्यंत जाते हे मला दिसतंय. डावीकडची मध्येच विरते की दिवा हलल्यामुळे तसं वाटतंय, ते मला ठरवता येत नाही. रिंग जिथे घासते त्या भागात डावीकडची रेघ शिरली आहे का, एवढंच बघून कळव. तुझ्या उत्तरापर्यंत ४,००० फेऱ्यांच्या वर नेत नाही.

तुझा,
सुध्या