न फिरणारा बॉल

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय नंदू,

तुझा प्रश्न आठवडाभर डोक्यात घोळतोय. कॅम्पमधला एक पोरगा झहीरचा नकल बॉल शिकवा म्हणून मागे लागलाय, तू अमेरिकेत आहेस तर तिथलं काही सांग, असं तू लिहिलंस. दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण जमेना. या बॉलचं नाव निघालं की मला एकच माणूस आठवतो, आणि त्याच्याबद्दल तुझ्याशी बोलायचं कितीतरी वर्षं राहून गेलंय. चहा घेऊन बस, पत्र लांबणार आहे.

आधी बॉलचं सांगतो. २०११च्या वर्ल्डकपमध्ये झहीरने तो टाकला तेव्हा आपलं सगळं श्रीरामपूर टीव्हीसमोर होतं. क्रिकेटमध्ये हा बॉल वेग चोरायला वापरतात. हात तोच, बॉल मात्र उशिरा येतो. बेसबॉलमध्ये टप्पाच नाही. पिचर म्हणजे बॉल टाकणारा, त्याच्यापासून होम प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटर उभा असतो तिथपर्यंत, ६० फूट ६ इंच, आणि जे व्हायचं ते हवेतच. बाकीचे पिचर बॉलला फिरकी देतात, हा देतच नाही. पहिल्या दोन बोटांची नखं शिवणीच्या जरा खाली रुतवायची, मनगट ताठ ठेवायचं आणि बॉल नुसता पुढे ढकलायचा. नाव नकलचं, म्हणजे बोटांच्या सांध्याचं, असलं तरी काम नखांचं आहे. प्लेटपर्यंत पोचताना बॉलने जेमतेम अर्धा-एक वळसा घ्यायला हवा. शिवण इतकी हळू फिरते की हवा कधी एका बाजूने ढकलते, कधी दुसऱ्या, आणि बॉल डुलत येतो. नेमका कुठे जाईल हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. चुकून थोडा जास्त फिरला, तर बॅटरला ताटात वाढून दिल्यासारखा.

माझा माणूस म्हणजे आर. ए. डिकी. टेनेसीतल्या नॅशव्हिलचा, जन्म ऑक्टोबर १९७४चा. कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकला आणि तेव्हा चांगला वेगवान पिचर होता. १९९६मध्ये टेक्सास रेंजर्स या संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला पहिल्याच फेरीत घेतलं, ८,१०,००० डॉलर देऊ केले. त्याच उन्हाळ्यात अटलांटा ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने बेसबॉलचं ब्राँझ घेतलं, त्या संघात तो होता. ऑलिंपिक संघाच्या पिचर्सचा फोटो एका मासिकाच्या मुखपृष्ठावर आला. त्यात डिकीचा उजवा हात जरा विचित्र कोनात लोंबताना दिसला आणि तेवढ्यावरून रेंजर्सच्या माणसाला शंका आली. तपासणी झाली, तर कोपराच्या आतल्या बाजूचा मुख्य लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टाच, नव्हता! फाटलेला, झिजलेला नव्हे, मुळात नव्हताच. दाराची मूठ फिरवतानाही या मुलाला कळ यायला हवी, असं डॉक्टरांचं म्हणणं, आणि हा ताशी ९० मैलांच्या वर बॉल टाकत होता. रेंजर्सने देऊ केलेली रक्कम मागे घेतली. शेवटी ७५,००० डॉलरवर सही झाली.

एका फोटोपायी सव्वासात लाखांहून जास्त डॉलर गेले. नंदू, तुझ्या खांद्याचा एक्स-रे बघून डॉक्टरांनी मान हलवली होती तो दिवस आठवतो? बाहेरच्या बाकावर मीच होतो तुझ्याबरोबर.

पुढची दहा वर्षं डिकी मुख्य संघ आणि मायनर लीग, म्हणजे खालच्या दर्जाचे संघ, यांत वर-खाली होत राहिला. घरं बदलली, गावं बदलली, बायको-पोरं सोबत फरफटत राहिली. २००५मध्ये व्यवस्थापक बक शोवॉल्टर आणि पिचिंग कोच ओरेल हर्शायझर यांनी त्याला समोर बसवून सांगितलं की तुझा वेग आता पुरत नाही, नकलबॉलवाला हो, तेवढीच एक वाट आहे. तिशी उलटलेल्या माणसाला नव्याने ओनामा गिरवायला लावला. ६ एप्रिल २००६ला नवा बॉल घेऊन तो डेट्रॉइटविरुद्ध उतरला आणि नऊपैकी साडेतीन इनिंगही पूर्ण व्हायच्या आत त्याच्यावर सहा होम रन बसले, आपले षटकारच म्हण. लगेच परत मायनर लीगमध्ये रवानगी.

मला खरी ओढ वाटते ती त्याला शिकवणाऱ्यांची. नकलबॉलवाले एका पिढीत दोन-तीनच असतात आणि आपल्या गाण्याच्या घराण्यासारखं चालतं त्यांचं. चार्ली हफ या जुन्या पिचरने त्याची बोटं शिवणीवर नीट बसवून दिली. फिल नीक्रो, जो ४८ वर्षांचा होईपर्यंत खेळला आणि ३१८ सामने जिंकला (इथे विजय-पराभव पिचरच्या नावावर लागतात), त्यानेही सांगितलं. आणि टिम वेकफिल्ड! तो बोस्टनचा, डिकी तेव्हा सिएटलचा, म्हणजे सरळ प्रतिस्पर्धी. तरी त्याने डिकीला आपल्या सरावाला उभं राहू दिलं, विचारेल ते सांगितलं. समोरच्या संघातल्या माणसाला आपली विद्या कोण देतं रे? पण या लोकांना आपला संघ हरण्यापेक्षा हा बॉल खेळातून नाहीसा होण्याची भीती जास्त असते.

२०१०मध्ये डिकी न्यूयॉर्क मेट्स या संघाकडे आला तेव्हाही आधी खालच्या संघात धाडलं होतं. मे महिन्यात वर बोलावलं, मग मात्र तो टिकला. आणि २०१२! वीस विजय, सहा पराभव, २३० स्ट्राइक आउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर. जूनमध्ये लागोपाठच्या दोन सामन्यांत समोरच्या संघाला फक्त एकेक हिट दिला, म्हणजे एकदाच कुणी बॉल मारून बेसवर पोचला. वर्षाअखेरी नॅशनल लीगचं (वरच्या दर्जाच्या दोन लीगपैकी एक) साय यंग पारितोषिक मिळालं, पिचरसाठी त्याहून मोठं काही नाही. ते मिळवणारा तो पहिलाच नकलबॉलवाला, नीक्रोलाही मिळालं नव्हतं. वय ३८ आणि पोटाचा स्नायू फाटलेला. त्यावर ऑपरेशन केलं ते हंगाम संपल्यावर.

त्याचा विसावा विजय मी पाहिलाय. २७ सप्टेंबर, गुरुवार, दुपारचा सामना, पिट्सबर्गविरुद्ध. ऑफिसात अर्धा दिवस रजा टाकली आणि एकटाच गेलो. मेट्सचा हंगाम वाया गेलेला, १६२ पैकी ८८ सामने ते हरले त्या वर्षी. त्या दिवशी लोक एका माणसासाठी आले होते. माझी जागा प्लेटच्या मागे, पण पार वर. तिथूनही दिसत होतं. बॉल येतो तो अगदी सोपा वाटतो, बॅटर मोठ्या आत्मविश्वासाने बॅट फिरवतो आणि शेवटच्या चार-पाच फुटांत बॉल खाली बसतो. बॅटरच्या मागे झेलणाऱ्या कॅचरचा ग्लव्ह नेहमीपेक्षा मोठा, तरी त्याची तारांबळ. डिकीचा चेहरा मात्र शांत. मध्येच उजव्या हाताची बोटं तोंडासमोर धरून नखं बघायचा, सुतार पटाशीची धार बघतो तसा. तेरा जण स्ट्राइक आउट केले. आठव्या इनिंगमध्ये तो बाहेर चालला तेव्हा आख्खं मैदान उभं राहिलं. शेजारचे म्हातारे गृहस्थ रडत होते, आणि खरं सांगतो, मीही.

कारण त्याच वर्षी त्याचं आत्मचरित्र आलं होतं आणि ते मी नुकतंच वाचून संपवलं होतं. आठ वर्षांचा असताना त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाले. आधी त्याला सांभाळायला ठेवलेल्या मुलीकडून, मग एका मोठ्या मुलाकडून. तिशी ओलांडेपर्यंत त्याने हे कुणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. २००७मध्ये ओमाहात त्याने भर पात्रात मिसूरी नदी पोहून पार करायला घेतली होती. बुडता बुडता वाचला, शेवटी संघातल्या सोबत्याने हात देऊन बाहेर काढलं. आतलं ओझं घेऊन हा माणूस किती वर्षं कसल्या कसल्या पाण्यात उडी मारत होता, ते वाचताना कळत गेलं. समुपदेशकासमोर बसून बोलायला शिकला आणि मग सगळं लिहून टाकलं, तेही खेळत असताना. दर पाच दिवसांनी चाळीस हजार लोकांसमोर उभं राहायचं असताना.

आणि याचा एक धागा आपल्या मुंबईला येऊन लागतो. कामाठीपुऱ्यातल्या बाया-मुलींसाठी काम करणाऱ्या 'बॉम्बे टीन चॅलेंज' या संस्थेसाठी तो जानेवारी २०१२मध्ये आफ्रिकेतला किलिमांजारो पर्वत चढला. दुखापत झाली तर करार रद्द करू शकतो, असं मेट्सने आधीच कळवलं होतं. तरी गेला आणि एक लाख डॉलरहून जास्त जमवले. पुढच्या जानेवारीत आपल्या दोन मुलींना घेऊन मुंबईत, थेट त्या गल्ल्यांत आला. मी चार वर्षं मुंबई सेंट्रलला राहिलो, नंदू. बसच्या खिडकीतून त्या गल्ल्या रोज दिसायच्या आणि मी मान वळवून घ्यायचो.

पुढे त्याला टोरंटोने घेतलं. तिथे चार वर्षं बरी-वाईट गेली, शेवटचं २०१७चं वर्ष अटलांटात. एकूण १२० विजय, ११८ पराभव. आकडा बघून कुणाला तो मोठा वाटणार नाही. मला वाटतो.

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो. आपल्याबरोबर ग्राउंडवर येणारा तो डावखुरा आठवतो? सुंदर टाकायचा. एका उन्हाळ्यात अचानक यायचा बंद झाला. मी एकदा त्याच्या घरी गेलो होतो, तुला कधी सांगितलं नाही. दारात आला, म्हणाला, "आता नको वाटतं रे." त्याला अजून काहीतरी बोलायचं होतं, मला दिसत होतं. पण सायकल उभी होती, तुम्ही वाट बघत होता, मी निघालो. कदाचित काहीच नसेल. डिकीचं वाचलं तेव्हापासून तो दरवाजा डोळ्यांसमोरून हलत नाही.

तुझ्याकडे तीस पोरं येतात. ती तुला सर म्हणतात, आणि घरी बोलत नाहीत तेवढं तुझ्याशी बोलत असतील. एखादा गप्प झाला, यायचा थांबला, तर त्याच्या घरी तू स्वतः जा. आणि लगेच निघू नकोस.

त्या पोराला शिकव नकल बॉल, जरूर शिकव. फक्त घाई नको. आधी दहा-बारा फुटांवरून, समोर कुणी तरी झेलायला, आणि बॉल फिरतोय का एवढंच बघायचं. शिवणीवर खडूची रेघ ओढ, म्हणजे नीट दिसेल. नखं दातांनी कुरतडत असेल तर ती सवय सोडायला सांग, कानशीने घासायची, फार लांब नकोत, मोडतात. माझं मोडलं म्हणून सांगतो. दिवाळीला इथला एक जण पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर दोन बेसबॉल पाठवतोय. एक त्याला दे. दुसरा तू ठेव, खांदा दुखला तरी हा टाकता येतो.

वहिनींना नमस्कार, आईंना साष्टांग. पत्र मिळालं की फोन कर.

तुझाच,
सुनील